पावसात समुद्रावर जाऊन करायचं काय?

पत्र थोडक्यात असं: चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३८. घरी यजमान, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या माळकरी सासूबाई. भाऊबीज झाली की चार दिवस गणपतीपुळे-मालगुंडकडे जायचं ठरलंय. भुसावळहून रत्नागिरीचं रेल्वेचं तिकीट पक्कं आहे, तिथल्या एका घरगुती निवासाला निम्मे पैसेही दिलेत. आता यजमान म्हणतात, "गेली काही वर्षं दिवाळीत पाऊस सोडत नाही. तिकडे खडकाळ समुद्र, त्यात पाऊस. एवढे पैसे घालून खोलीत बसायचं का? रद्द करू." मुलांनी मोबाइलवर बोटींचे नि पॅराशूटचे व्हिडिओ बघून ठेवलेत, ते न मिळाल्यास तीही कुरकुरतील. सासूबाईंनी समुद्र पाहिलेला नाही. त्या दोन वर्षांपासून म्हणताहेत, "आपली तापीमाय जठे जास ना, तो समिंदर माले दखाना शे." ताई विचारतात: जावं की रद्द करावं? गेलो आणि पाऊस लागला तर करायचं काय? आणि शेवटी एक ओळ, जी मी तीनदा वाचली: "मी हट्ट करते आहे का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. हट्ट नाही. पण तुमच्या घरात चार माणसं चार वेगवेगळ्या समुद्रांबद्दल बोलताहेत आणि सगळ्यांना वाटतंय की आपण एकाच सहलीबद्दल बोलतोय. मुलांचा समुद्र म्हणजे बोट. यजमानांचा समुद्र म्हणजे पैशाचा मोबदला. सासूबाईंचा समुद्र म्हणजे तापीचं सासर. आणि तुमचा समुद्र कोणता, ते पत्रात कुठेच आलेलं नाही. ते तुम्ही स्वतःला विचारून बघा.

यजमानांवर रागावू नका, असं मी म्हणेन. दिवाळीचा पाऊस या शब्दांनी आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. झाडावर कापूस फुटलेला असतो, वेचणीला मजूर मिळत नसतात, आणि एका रात्रीच्या पावसात पांढरी बोंडं काळपट पडतात. ज्यानं हे पाहिलंय त्याला पाऊस आणि मौज हे दोन शब्द एका वाक्यात बसवता येत नाहीत. त्यांच्या "खोलीत बसायचं का" मध्ये ही जुनी धास्ती आहे. फक्त एवढंच, की शेतावर नुकसान करणारा पाऊस समुद्राकाठचे चार दिवसही बुडवतोच, असं नाही. त्यासाठी तो पाऊस कोणत्या जातीचा आहे ते बघावं लागतं.

मी मूळची धुळ्याकडची, पण नोकरीतली नऊ वर्षं माझी रत्नागिरी तालुक्यात गेली. तिथल्या ऑक्टोबरचे दोन पाऊस मला ओळखू यायला लागले होते.

पहिला परतीचा. सकाळ लख्ख असते, इतकी की डोळे मिटावेत. ओल्या जमिनीवर ऊन तापतं, वाफ वर चढते, दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूनं ढग काळे होतात, गडगडाट होतो, तास-दोन तास धो-धो कोसळतो आणि संध्याकाळी पुन्हा मोकळं. या पावसात सहल रद्द करायचं काही कारण नाही. अर्धा दिवस तुमचा, अर्धा त्याचा.

दुसरा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की येणारा. तो वेळ पाहत नाही, दिवसरात्र वाऱ्यासकट लागून राहतो. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळ समुद्रात होतं, तेव्हा कोकण किनाऱ्यावर असंच झालं. अशा वेळी जाऊ नये. यात शौर्य नाही, अनुभवही नाही. बंदरावर बावटा लागला की पिढ्यान्पिढ्या दर्यावर जगणारे खलाशी होड्या खाडीत ओढून घेतात, तिथे आपण कोण?

म्हणून आत्ता, पंधरा-वीस दिवस आधी, निर्णय घेऊ नका. मोबाइलमध्ये इतक्या पुढचं जे ढगाचं चित्र दिसतं त्यावर कुणी शेत पेरणार नाही, तुम्ही सहल कशाला मोडता? हवामान खातं जिल्ह्यानुसार पुढच्या चार-पाच दिवसांचे इशारे देतं, रंगांसकट. भाऊबीजेच्या दोन-तीन दिवस आधी रत्नागिरी जिल्ह्याचा इशारा बघा. हिरवा किंवा पिवळा असला तर बॅगा भरा. नारिंगी असला तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करा, "आज तुमच्याकडे कसं आहे?" एवढंच विचारा. तांबडा असला तर थांबा. आणि हा फोन आजच एकदा करून ठेवा, दुसऱ्या कारणासाठी: खराब हवामान झालं तर पैसे परत मागण्याऐवजी तारीख पुढे सरकवून मिळेल का, ते विचारा. घरगुती निवास चालवणाऱ्यांना पैसे परत करणं जड जातं, कारण ते किराण्यात गेलेले असतात. तारीख बदलायला बहुतेक जण तयार होतात. मग यजमानांचा "पैसे बुडतील" हा मुद्दा बराच हलका होतो.

रेल्वेचं तिकीट काढलंत हे उत्तम केलंत. इतर वाचकांना मुद्दाम सांगते, दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळहून थेट रत्नागिरीला नेते. आपल्याकडचे पुष्कळ लोक गाडी घेऊन निघतात, रात्रभर चालवतात आणि पहाटे, डोळे जड झालेले असताना, पावसात घाट उतरतात. ते टाळावं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही काही दिवस चालू असतं आणि गाड्या हळू धावतात, तेव्हा पोचायच्या वेळेत दोन-तीन तासांची ढील धरा.

आता मुख्य प्रश्न, करायचं काय.

इथे मला तुमच्या सगळ्यांच्याच मनातल्या एका समजुतीला हात घालायचाय. समुद्रावर जायचं म्हणजे समुद्रात जायचं, असं आपण धरून चालतो. गणपतीपुळ्याच्या पाण्याला ओढ आहे, तिथे माणसं बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्यात, आणि त्यात आपल्यासारखे घाटावरून आलेलेच जास्त असतात. नदीत पोहता येणाऱ्यालाही ती ओढ सुधरत नाही. खवळलेल्या समुद्रावर बोटी नि पॅराशूट बंदच ठेवतात आणि ठेवायलाच हवेत. तेव्हा मुलांना आजच सांगून टाका: पाणी घोट्यापर्यंत, तेही ओहोटीला आणि तिथल्या माणसानं हो म्हटलं तर. निघण्याआधी सांगितलं की ते ऐकतात. किनाऱ्यावर उभं राहून सांगितलं की रडारड होते.

मग उरतं काय? उरतं ते पुष्कळ आहे, पण त्यासाठी दिवस घड्याळावर लावून चालत नाही, तिथीवर लावावा लागतो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिच्या सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. दर दिवशी ही वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. हिशेब मुंबईकडे चांगला बसतो. रत्नागिरीकडे भरती त्याहून थोडी आधी येते, म्हणून तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारून तासाभराचा फरक दुरुस्त करून घ्या. तुमचे दिवस आहेत कार्तिक शुद्ध चतुर्थी, पंचमी, षष्ठी. अमावास्येचं उधाण ओसरत चाललेलं, अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती-ओहोटी, अजून यायचा. म्हणजे सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तुम्हाला ओहोटी मिळेल आणि दुपारी भरती. आणि परतीचा पाऊस, वर सांगितलं तसा, दुपारनंतरचा. ताई, तुम्हाला न विचारता पंचांगानं तुमच्या सहलीचं वेळापत्रक आखून ठेवलंय: सकाळी खाली किनाऱ्यावर, दुपारी उंचावर नाहीतर छपराखाली.

सकाळची ओहोटी मुलांसाठी. पाणी मागे गेलं की कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत डबकी उरतात. प्रत्येक डबकं म्हणजे एक भरलेलं घर. खडकाला चिकटलेली कालवं, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे, बोटाएवढे मासे, आणि नशीब असेल तर समुद्रफूल, जे फुलासारखं दिसतं पण प्राणी आहे, स्पर्श झाला की मिटतं. मुलांना एकच नियम द्या, बघायचं, उचलायचं नाही, दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा. माझ्या शाळेतल्या मुलांना एका डबक्यापाशी मी अर्धा तास गप्प बसवायची. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. नंतर डबकं हलायला लागतं.

मुलीला तो काळा कातळ नीट दाखवा. पाटणादेवीला किंवा अजिंठ्याला गेली असेल तर तिनं हाच दगड पाहिलाय. लाव्हारसाचा काळा पाषाण सातपुड्याखालून निघून पार समुद्रापर्यंत पसरलाय. कोकणात त्याच्या डोक्यावर जांभ्या दगडाची लाल टोपी आहे, एवढाच फरक. खानदेशातल्या पोरीला आपल्या गावच्या विहिरीतला दगड समुद्रात पाय सोडून बसलेला सापडावा, याहून चांगला भूगोलाचा तास मला माहीत नाही.

आणि इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. तिथे गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी ओहोटीच्या खडकावर पाठ समुद्राकडे करून भाचीचा फोटो काढत होते. पाऊस नुकताच थांबला होता. खडकावर काळपट शेवाळ असतं, ते कोरडं असताना दिसत नाही आणि ओलं झालं की तुपासारखं होतं. मागून लाट आली, मोठी नव्हती, गुडघ्याएवढी. मी घसरले, मनगट मोडलं. भाची माझ्या हाताबाहेर गेली होती ती एका कोळ्यानं धरली. त्यानंतर पाळलेली शिस्त अशी: समुद्राकडे कधी पाठ करायची नाही. ओला काळा किंवा हिरवा खडक पायाखाली घ्यायचा नाही, खरबरीत आणि कोरडा तोच धरायचा. ओहोटी संपून भरती लागायच्या तासभर आधी खडकावरून पुळणीवर, म्हणजे वाळूवर, यायचं, कारण माणूस पुढे बघत असतो आणि पाणी मागच्या घळीतून शिरून वाट बंद करतं. पट्टा असलेल्या सॅंडल घालायच्या, चपला नाहीत. फोटो काढायचाच तर एकानं काढायचा आणि दुसऱ्यानं फक्त पाण्याकडे बघायचं.

दुपारी भरती चढायला लागली की उंचावर जा. वाळूच्या उतारावर लाट हळूहळू मोडते, पण कड्याच्या पायथ्याशी पाणी खोल असतं, तिथे ती सगळं बळ घेऊन आदळते. म्हणूनच खडकाळ किनारा पावसाळी दिवसांत बघावा. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येणारा आरे-वारेचा रस्ता कड्यावरून जातो. रिक्षा किंवा गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबवून आतून बघितलं तरी पोट भरतं. जयगडच्या वाटेवर नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे, अगदी समुद्राच्या कड्यावर. लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो आणि खाली गोमुखातून गोडं पाणी वाहतं. खाऱ्या पाण्यापासून काही पावलांवर गोडं पाणी, हे सासूबाईंना फार आवडेल. मात्र खाली उतरायच्या पायऱ्या ओल्या असतील तर त्यांना वरच बसवा. पुढे जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावर आहे. त्याला होडी लागत नाही, रस्ता थेट जातो, म्हणून खवळलेल्या दिवसांतही बघता येतो. हेदवीची बामणघळही त्याच बाजूला, खाडीपलीकडे. भरतीला लाट खडकातल्या अरुंद भेगेत शिरते आणि वर उसळते. तिची कीर्ती ऐकून लोक कडेला जाऊन वाकतात आणि जीव गमावतात. जायचं तर लांबून. तुमच्याबरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, मी तुमच्या जागी असते तर ती या खेपेला सोडली असती.

सड्यावर पाऊस थांबल्यावर जा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे असतात. दिवाळीपर्यंत ते विरत आलेले असतात, तरी ओलसर कोपऱ्यात थोडी निळी-जांभळी सीतेची आसवं आणि गेंदाचे पांढरे ठिपके सापडतात. पण सड्यावर मला ओढ असते ती कातळशिल्पांची. चवे-देऊड, उक्षी, कशेळी, बारसू, अशा कितीतरी ठिकाणी आदिमानवानं जमिनीच्या दगडावर हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की तुमच्या गावातलं एखादं घर त्यात बसेल. हजारो वर्षांपूर्वीची ही चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सर आली नि गेली की त्या रेषांत पाणी साठतं, आणि उन्हात चमकून चित्र जागं होतं. कोरड्या मे महिन्यात आलेल्याला ते असं दिसत नाही. गावातला वाटाड्या घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, चित्रावर पाय देऊ नका. आणि गडगडाट ऐकू आला की त्या क्षणी सडा सोडा. तिथे झाड नसतं, सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलंय, ते मोबाइलमध्ये टाकून घ्या. ते आपल्या शिवारातही उपयोगी पडतं.

आणि धो-धो लागलाच तर? मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, तुमच्या मुक्कामापासून जवळच. गणपतीपुळ्याला जुन्या कोकणातली घरं, बलुतेदार, अवजारं उभी केलेलं प्राचीन कोकण नावाचं संग्रहालय आहे. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय, तिथला देवमाशाचा सांगाडा मुलं विसरणार नाहीत. आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी देशोधडीला लावून रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. वरच्या गच्चीतून खाडी आणि समुद्र दिसतो. आपलं राज्य पार दुसऱ्या समुद्रापलीकडे राहिलं आणि हा समुद्र बघत एक माणूस इथे म्हातारा झाला, हे मुलीला सांगा. सुट्टीचा वार कोणता ते आधी विचारून मगच निघा.

खाण्याची काळजी करू नका. सासूबाई माळकरी आहेत हे घरमालकांना आधीच कळवा. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक, यात त्यांचे चार दिवस छान जातील. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिखटाची आठवण येणार, तेव्हा दशम्या, शेव आणि लसणाची चटणी बरोबर असू द्या. छत्र्या वाऱ्यानं उलटतात, म्हणून रेनकोट घ्या. रोख पैसे थोडे जास्त ठेवा, वादळात वीज गेली की एटीएम आणि मोबाइलचे पैसे दोन्ही बंद पडतात. विजेरी घ्या.

एक विनंती. पाऊस आला म्हणून मुलं अंगणात नाचली तर नाचू द्या, पण घरमालकांसमोर "किती छान पाऊस!" असं मोठ्यानं म्हणू नका. त्याच आठवड्यात त्यांचं भात कापून आडवं पडलेलं असतं. तुम्ही कापसाच्या घरच्या आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. उलट तुमच्या यजमानांना त्या घरच्या माणसाशी बोलू द्या. भात भिजलेला माणूस आणि कापूस भिजलेला माणूस ओट्यावर बसले की दुपार कशी जाते कळत नाही. मला वाटतं, त्यांना ही सहल वाया गेली असं नंतर वाटणार नाही.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांचं आहे आणि त्याच्याकडे कुणाचंच नीट लक्ष गेलेलं दिसत नाही. त्या "समुद्र बघायचाय" असं म्हणत नाहीत. तापी जिथे जाते तो समुद्र बघायचाय, असं म्हणतात. तापी मुलताईला उगम पावते, आपल्या अंगणातून जाते आणि सुरतच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. रत्नागिरीला ती जात नाही. समुद्र तोच, अरबी, पण माणसाच्या मनातला घाट वेगळा असू शकतो. त्यांना खरंच तापीचं मुख बघायचं असेल तर त्यासाठी हिवाळ्यात अमळनेरहून सुरतची गाडी धरा, डुमसच्या किनाऱ्यावर एक दिवस घाला. तिथे कडे नाहीत, काळी सपाट चिखलट वाळू आहे, ओहोटीला पाणी फार लांब जातं. देखणं म्हणावं असं काही नाही, पण त्यांच्यासाठी ती तापीची शेवटची जागा असेल. आणि त्यांना फक्त समुद्र हवा असेल, तर रत्नागिरी. हे त्यांनाच विचारा, यजमानांना मध्ये न घेता, रात्री त्यांच्या पायांना तेल लावताना विचारा. त्या "तुम्ही न्याल तिथे" म्हणतील. पुन्हा एकदा विचारा.

रत्नागिरी ठरलं, तर त्यांच्यासाठी वेगळं काही शोधायला जाऊ नका. माझी आई अशाच पावसाळी ऑक्टोबरात माझ्याकडे आली होती. तिनं जन्मभर पांझरा पाहिलेली. घराच्या ओट्यावरून खाडीचं तोंड दिसायचं. दुपारची भरती चढत होती, पाणी दगडांवरून वर येत होतं, आणि तिनं मला घाबरून विचारलं, "हाऊ पूर कवय उतरस?" नदीकाठच्या माणसाला चढतं पाणी म्हणजे पूरच. मी म्हटलं, संध्याकाळी उतरेल. तिचा विश्वास बसेना. आपल्याकडे पूर उतरायला दिवस लागतात, घरं खरवडावी लागतात. मग तिनं पाण्यातला एक दगड खुणेचा धरला, म्हशीच्या पाठीसारखा, आणि ओट्यावर बसून राहिली. दगड बुडाला. पाऊस आला नि गेला. चहा झाला. दिवेलागणीला म्हशीची पाठ पुन्हा वर आली तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. नंतर जितके दिवस राहिली तितके दिवस तिचा तोच उद्योग होता, आणि शेजारच्या बायका येऊन "आज बुडला का दगड?" विचारायच्या.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं वय झालंय, त्यांना खडकावर नेऊ नका. घरमालकांकडून एक खुर्ची मागा, पुळणीच्या वरच्या कडेला किंवा ओट्यावर ठेवा, त्यांना त्यांचा दगड निवडू द्या. मुलाला त्यांच्याजवळ वही देऊन बसवा, दर अर्ध्या तासाला दगड किती बुडाला त्याचं चित्र काढायचं. पाऊस आला तर खुर्ची दोन हात मागे. तुम्हीही तिथेच बसा, स्वयंपाकघर तुमचं नाही, चार दिवस कुणी काही मागणार नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंना घेऊन तापीवर जा. एक बाटली पाणी भरून घ्या, झाकण घट्ट लावा आणि ती त्यांच्याच पिशवीत ठेवा. चतुर्थीच्या सकाळी, ओहोटी लागलेली असताना, ती कुठे रिकामी करायची ते त्यांना ठरवू द्या.